ठरलेली कुस्ती

मामा कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याचं मनगट धरायचे, दोन बोटांनी दाबून बघायचे आणि निकाल सांगायचे. "दम हाये, पन घाई हाये." किंवा, "जोर हाये, मन नाई." नव्यानं बदलून आलेल्या साहेबांचंही मनगट त्यांनी पहिल्याच दिवशी धरलं, टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता. साहेब दचकले. मामा म्हणाले, "गडी चांगला हाये. फकत झोप कमी पडून राह्यली." दुसऱ्या दिवसापासून साहेब त्यांना बसायला खुर्ची देऊ लागले.

माझं मनगट मात्र त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं होतं. मग सोडलं आणि म्हणाले, "बाबू, तुमचं काई समजत नाई बावा."

अकोल्यातल्या आमच्या कार्यालयात ते शिपाई होते. शिपायाला मामा म्हणायची रीतच आहे, पण आमचे मामा जुने पैलवान. दोन्ही कान मोडून गोळा झालेले. त्या कानांकडे बघून नवे लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे. मामा तितक्याच मोठ्यानं उत्तर द्यायचे, "मले आयकू येते! तुमाले येते काय?"

कार्यालयामागं चहाची टपरी आहे. दुपारच्या सुट्टीत तिथं आमची बैठक बसायची आणि विषय एकच, कुस्ती. तुम्ही म्हणाल, सरकारी माणसांना दुसरा विषय नव्हता का? होते. पण साहेब, बदली, बायको हे विषय बोलताना आजूबाजूला बघावं लागतं. कुस्तीवर माणूस मोकळेपणानं भांडू शकतो.

मी एरवी फार बोलत नाही. पण टीव्हीवरच्या कुस्तीनं माझं बालपण खाल्लं होतं. गावात केबल आली तेव्हा मी सातवी-आठवीत होतो. त्या पैलवानांचे खेळायचे पत्ते मिळायचे, त्यावर कुणाची छाती किती, वजन किती ते छापलेलं असे. मला सगळं पाठ होतं. माझा आवडता पैलवान हरला त्या दिवशी मी जेवलो नाही, रडलो. पुढं कॉलेजात कुणीतरी सांगितलं की कोण जिंकणार, कोण पडणार, हे सगळं आधी लिहिलेलं असतं. तेव्हापासून मी त्या खेळाला शिव्या देतो आणि चुकवतही नाही. हे असं का, मला सांगता येत नाही.

आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर स्वप्निल पंचविशीचा. त्याला सगळं लिहिलेलं असतं हे आधीपासूनच माहीत आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही. तो म्हणायचा, "मामा, मातीतली कुस्ती खतम. पुढं सगळं स्टेजवर. लाइट, म्युझिक, एन्ट्री."

"एन्ट्री तं आमचीही होये. ढोलावर."

"पण तुमच्यात ष्टोरी कुठं असते?"

"पडनाऱ्याच्या घरी जाऊन पाह्य. ष्टोरीच असते."

मजा अशी की मामा टीव्हीवरची कुस्तीही मन लावून बघायचे. स्वप्निलच्या मोबाईलवर एकानं दुसऱ्याला उचलून टेबलावर आपटलं की मामा आपलीच कंबर धरायचे. मी म्हणायचो, "मामा, ते ठरलेलं असतं हो."

"ठरलेलंच पाह्यजे! न ठरवता एवढे लोक जमतीन काय?"

मी कपाळाला हात लावायचो. स्वप्निल टाळी द्यायचा. मामा कुणाच्या बाजूनं बोलले हे दोघांनाही कळायचं नाही, पण दोघांनाही वाटायचं की ते आपल्याच बाजूनं बोलले.

एका दुपारी रेकॉर्ड रूममध्ये आम्ही दोघंच होतो. लाइट गेली होती, जुने गठ्ठे बांधायचे होते. मी सहज विचारलं, "मामा, तुमची सगळ्यात मोठी कुस्ती कोणती?"

मामांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. धामणगावला रेल्वेतून उतरायचं, तिथून बैलबंडीनं नदीकाठच्या जत्रेत. समोर अमरावतीचा पैलवान, यांच्यापेक्षा वीतभर उंच. पाऊण तास कुणी कुणाला हालवेना. मग मामांनी त्याची मान आणि एक हात बगलेत घेऊन ढाक मारली आणि तो चीत. बोलता बोलता त्यांनी गठ्ठ्याची मान धरली होती.

मग ते माझ्याजवळ सरकले. आवाज खाली आणला. "एक सांगू काय बाबू? ते कुस्ती ठरलेली होती."

मी दाराकडं बघितलं.

"कोनाले सांगत नाई मी. लोक म्हनतीन..."

तेवढ्यात साहेबांनी टेबलावरची घंटा मारली आणि मामा गेले. लोक काय म्हणतील, ते वाक्य मी माझ्या मनात पुरं केलं. चुकीचं पुरं केलं, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी मला इतकंच समजलं, की या माणसानं आयुष्यभर छातीशी धरलेली कुस्ती खोटी होती आणि हे त्यांनी एकट्या मला सांगितलं. खरं सांगतो, मला थोडं बरं वाटलं. फसलेला मी एकटा नव्हतो.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. टपरीवर स्वप्निल माझ्या मागं लागला होता. "सर, तुमच्या पिढीले पुरं येडं बनवलं. तुमी तं रडले होते म्हणे?" चारचौघं हसले. टपरीवाल्यानंही गाळणी थांबवून माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यात राग गेला. मी म्हणालो, "आमचंच काय सांगतो? मातीतली तरी कुठं खरी होती? आपल्या मामांची सगळ्यात मोठी कुस्ती ठरलेली होती. त्यांनी स्वतः सांगितलंय मला."

 तेवढ्यात मामा आले, हातात कागदात बांधलेले आलूबोंडे. स्वप्निलनं मोबाईल त्यांच्यासमोर धरला. "मामा, ते अमरावतीवाली कुस्ती ठरलेली होती काय तुमची?"

मामांची छाती फुगली. "हाव! ठरलेली होती. साऱ्या जिल्ह्याले मालूम होतं. लोक बंड्या जुपून आलते पाह्याले!"

टपरी हसून हसून लोळली. मामाही हसले. त्यांना वाटलं आपण काहीतरी चांगलं बोललो. त्यांनी सगळ्यांना आलूबोंडे वाटले.

संध्याकाळी स्वप्निलनं तो व्हिडिओ स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'मामांची नुरा कुस्ती, मामांच्याच तोंडून'. नुरा म्हणजे संगनमताची, खोटी. दोन दिवसांत तो व्हिडिओ कार्यालयाच्या ग्रुपवर आला, मग कुणाच्या तरी गावच्या ग्रुपवर गेला. मी त्यावर हसण्याचं चिन्ह टाकलं. आज हे लिहिताना मी ते चिन्ह शोधून काढून टाकायला गेलो होतो. तो ग्रुपच आता नाही.

नंतर मामा निवृत्त झाले. बार्शीटाकळीकडच्या एका गावात जत्रेला कुस्त्यांची आमदंगल होते. तिथं दर वर्षी शेवटच्या मोठ्या कुस्तीचे पंच मामाच. नोकरी संपली तरी हे काम होतं. वर्षभर ते त्याच दिवसाची वाट बघायचे, पांढरा सदरा त्या दिवसासाठी वेगळा ठेवायचे. त्या वर्षी त्यांनी आम्हाला आग्रहानं बोलावलं. मी आणि स्वप्निल मोटरसायकलवर गेलो, पुढं जागा धरून बसलो, भुईमुगाच्या शेंगा घेतल्या.

आधी बराच वेळ फुटकळ कुस्त्या झाल्या. मैदानात फेऱ्या मारणारे दोन गडी एकमेकांचा हात धरायचे, पंच जोड बघायचे, लागली कुस्ती. मग माइकवरचा माणूस ओरडला, "आता हात मिळवायच्या कुस्त्या बंद! आता ठरलेल्या कुस्त्या! पाम्पलेटवर ज्याचं नाव हाये त्यानंच मैदानात यावं!"

माझ्या तोंडात शेंग होती. ती तशीच राहिली.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला मी विचारलं, "बाबा, ठरलेली म्हणजे?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी पाणी म्हणजे काय विचारलं. "पाम्पलेटवर नाव छापून येते ते. पंचमंडळी पंधरा दिवस आधी बसून जोड बांधते. कोनाचीबी थोडी ठरते? नावाजेल गड्याचीच ठरते."

त्यानं आपल्याजवळचं पाम्पलेट मला दिलं. वर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'ठरलेल्या कुस्त्या'. म्हणजे मामांनी रेकॉर्ड रूममध्ये मला पाप सांगितलंच नव्हतं. त्यांनी आपला सगळ्यात मोठा मान सांगितला होता, आणि स्वतःच्या तोंडानं मान सांगताना माणूस आवाज खाली आणतो तसा आणला होता. लोक म्हणतील, बढाई मारतो. एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवणार नाही. शब्दाची चूक कुणाचीही होते. टीव्ही बघून मोठा झालेला माणूस ठरलेली म्हटलं की खोटीच समजणार. पण मी ते गुपित समजलो होतो, आणि गुपित समजूनही चहाच्या टपरीवर फोडलं, एका पोराकडून हार खायची नाही म्हणून. ती चूक शब्दाची नाही.

शेवटची कुस्ती लागली तेव्हा मामा मैदानात होते. मी मान वर करून बघू शकलो नाही. हातातल्या पाम्पलेटवरचे तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. ढोल वाढला, माणसं उठली, आणि एकदम गलका झाला. मामांनी एका गड्याचा हात वर केला होता. अर्ध्या लोकांचं म्हणणं, खालच्याची पाठ मातीला लागलीच नाही, तो कुशीवर होता.

मागून कुणीतरी ओरडलं, "पंचच नुरा हाये! स्वतः ठरलेली खेयला, आता दुसऱ्याची ठरवून राह्यला!"

हशा झाला. कुणीतरी मोबाईल माइकवाल्याच्या हातात दिला आणि भोंग्यातून मामांचाच आवाज आला, "हाव! ठरलेली होती." गावाकडच्या जुन्या माणसांना त्यात काय हसायचं ते कळेना. पोरं मात्र शिट्ट्या मारत होती. आपला आवाज ऐकून मामांनी भोंग्याकडं वर बघितलं. पहिल्यांदा ते खूश झाले. मी तेव्हा बघत होतो, म्हणून सांगतो. मग त्यांनी हसणाऱ्यांकडं बघितलं, पडलेल्या पोराकडं बघितलं, वर धरलेला हात सोडला आणि दोरीखालून वाकून मैदानाबाहेर गेले.

मी उठून माइक मागू शकलो असतो. माइक दहा पावलांवर होता. दोन वाक्यांचं काम होतं. स्वप्निल म्हणाला, "सर, जरा जास्तच झालं ना?" मी म्हणालो, "चल, उशीर होईल."

मामा त्यानंतर पंच म्हणून कधी उभे राहिले नाहीत. टपरीवरही आले नाहीत. लाजेनं येत नसतील, असं मी धरून चाललो. दीड वर्षानं एका रविवारी धीर करून बार्शीटाकळीला त्यांच्या लेकीकडं गेलो. सगळं सांगायचं, पाय धरायचे, हे एसटीत बसून तीनदा घोकलं होतं.

मामा बाजेवर बसले होते. डोळ्यांवर हिरवा चष्मा. लेक म्हणाली, "बाबा, ऑफिसातले बाबू आले."

"या बाबू. मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हने, लय दिवसाचा होता." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी होताच ना डोयात?"

मला समजलं नाही, ते कोणत्या दिवसाचं बोलत होते.

"त्या पोट्ट्याची कुस्ती म्या खाल्ली, बाबू. त्याची पयली ठरलेली होती. पाम्पलेटवर नाव आलतं त्याचं पयल्यांदा. म्या त्याले पाडला."

दीड वर्ष हा माणूस ते घेऊन बसला होता. लोकांच्या हसण्याचं त्यांना काही नव्हतं. तेही त्यांनी विचारलं, अगदी सहज, "अन् लोक काहून हासून राह्यले होते वो? माही ठरलेलीच होती. त्यात हासन्यासारखं काय होतं?"

मी ज्यासाठी गेलो होतो ती वेळ हीच होती. मी म्हणालो, "लोकांचं काय मामा."

लेकीनं चहा आणला. मामांनी कप हातात घेतला, प्यायला नाही. "तुमी पुढंच बसेल होते. म्या पाह्यलं तुमाले. तुमचे डोये चांगले हायेत. सांगा बरं, पाठ लागली होती काय?"

मी पाम्पलेट वाचत होतो.

"लागली होती," मी म्हणालो.

"दोनी खांदे?"

"दोन्ही."

"पक्कं?"

"पक्कं, मामा."

त्यांनी श्वास सोडला. चष्मा काढून डोळे पुसले आणि लेकीला हाक मारली. "वंदे, आयकलं काय? बाबू पाहात होते. लागली होती म्हंते." मग एका घोटात चहा संपवला आणि मला जेवूनच जा म्हणाले. मी जेवलो. पिठलं-भाकर होती, ठेचा होता. मामा बोलत राहिले, हसत राहिले. मी सांगायला गेलेलं काहीच सांगितलं नाही.

मामा मागच्या हिवाळ्यात गेले. ते सुखानं गेले, असं लेक म्हणाली. त्यांना सुख दिलं म्हणून ती माझे आभार मानत होती, आणि मी मान हलवत होतो.

त्यानंतर टपरीवर स्वप्निल म्हणाला, "सर, त्या शेवटच्या कुस्तीचा व्हिडिओ आहे माझ्याकडं. पुढूनच घेतला होता, सगळं क्लिअर आहे. पाठवतो." मी नको म्हणेपर्यंत त्यानं पाठवला.

तो माझ्या मोबाईलमध्ये अजून उघडायचा राहिला आहे. पाठ लागली असेल तर माझी साक्ष खरी ठरते. नसेल तर मामांचा निकाल चुकला. पण मी न बघता बोललो, हे दोन्हीकडून तसंच राहतं. मग बघून काय मिळणार, आणि न बघता राहवत का नाही, हेही मला समजत नाही. न उघडलेल्या व्हिडिओचं धुरकट चित्र तेवढं दिसतं. काळपट मैदान, त्यावर एकमेकांत मिसळलेले दोन आकार, आणि त्यांच्याशेजारी एक पांढरा डाग, मामांचा सदरा. मोबाईल डोळ्यांजवळ नेला की कळतं, तो डाग उभा नाही. दोन्ही हात टेकून, गाल मातीला लावून तो खाली बघतो आहे.