नावाआधीची रिकामी जागा

माझा जुना एडिटर बंद पडला तो नेमका भाचीच्या लग्नाची पत्रिका करायच्या वेळेला. एडिटर म्हणजे माणूस नव्हे. मी रायपूरला गोल बाजारातल्या कार्डांच्या दुकानांसाठी लग्नपत्रिका बनवते. पत्रिकेत नावं भरायला डिझाइनच्या सॉफ्टवेअरला कामाला लावणारी एक स्क्रिप्ट मी कधीकाळी स्वतः लिहिली होती. एका साध्या फाइलमध्ये घरातल्या माणसांची नावं ओळीने लिहायची, स्क्रिप्ट चालवायची, की पणजोबांपासून प्रेषकांपर्यंत सगळे मराठी आणि हिंदी दोन्ही पत्रिकांत आपापल्या जागी जाऊन बसतात. रुसवेफुगवे नंतर माणसं करतात, स्क्रिप्ट करत नाही. ही स्क्रिप्ट आणि ती नावांची फाइल मी ज्यात लिहायचे तो माझा एडिटर. करड्या रंगाचा, जुनाट, पण एका शब्दाने मला कधी उलट बोलला नाही.

सॉफ्टवेअर नवं झालं आणि त्याने या एडिटरशी बोलणंच सोडलं. कंपनीनेही हात वर केले. आता नवा एडिटर घ्या, म्हणे.

मी जातीची घाबरट. गॅस बंद केला की नाही, या शंकेने तेलीबांध्याच्या सिग्नलवरून घरी परत आलेली बाई आहे मी. नव्या एडिटरचा काळा पडदा उघडला आणि त्यात माझी स्क्रिप्ट आणली, तर तिच्या निम्म्याअधिक ओळींखाली लाल नागमोडी रेघा. इतकी वर्षं जी बिनबोभाट चालली, तिच्यात एवढ्या चुका? सॉफ्टवेअरशी त्याची गाठ घालून द्यायला एक वेगळी जोडणी बसवावी लागली, तेव्हा कुठे त्या रेघा गेल्या. चालवायचं बटण जुन्या जागी नव्हतं. दोनदा दाबलं तर काहीच झालं नाही, तिसऱ्यांदा दाबलं तर एका गिऱ्हाइकाच्या बारशाच्या कार्डावर नावं ओतली गेली, कारण तेच समोर उघडं होतं. ते मी वेळेवर पाहिलं म्हणून बरं.

त्याची एक खोड तर मला पहिल्या दिवसापासून खटकली. आपण लिहायला लागलो की पुढे काय येणार ते तो आधीच फिक्या, राखाडी अक्षरांत दाखवतो. दुसऱ्याचं वाक्य तोंडातून ओढून पुरं करणारी माणसं मला मुळीच सहन होत नाहीत. आता घरात तसलंच यंत्र आणून बसवलं.

आणि घरात बाबा होते. आमचे बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले. दादाचा फ्लॅट चौथ्या माळ्यावर, आणि तिथली लिफ्ट मनात आलं तरच चालते, म्हणून दवाखान्यातून सोडल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. छातीचं दुखणं. डॉक्टरांनी "घरी न्या, जपा" एवढंच सांगितलं होतं, आणि ते ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मी आणि दादा दोघांनीही ऐकला होता. बाबांचा पलंग माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीतच टाकला होता. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरायचं आणि माझा अर्धा कान सतत त्या आवाजावर. आवाज जरा बदलला की माझा हात कीबोर्डवरून उचलला जायचा.

पत्रिका अडली होती ती दादामुळे. त्याच्याच मुलीचं लग्न, तारीख ठरलेली, नागपूर-अमरावतीला पत्रिका पोचायला वेळ लागणार, आणि तो रोज म्हणायचा, "थांब ना थोडं. पाहू." काय पाहू, ते कोणी विचारायचं नाही. विचारायची गरजही नव्हती. पत्रिकेत 'यांची नात' म्हणून आजोबांचं नाव वरच येतं. छापून झाल्यावर काही बरंवाईट झालं तर? दादाच्या मनात ते होतं आणि माझ्याही मनात तेच होतं. आमची भाची बिचारी हिंदीतच विचारायची, "आत्या, सबके कार्ड आ गए, मेरा ही क्यों अटका है?" दुकानदाराचा फोन यायचा, "दीदी, फाइल कब भेज रहे हो? सीज़न है, मशीन खाली नहीं मिलेगी." मी दोघांनाही नव्या एडिटरचं कारण सांगत होते. तेवढा एक फायदा मात्र त्याने मला करून दिला.

दादाने नावं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. प्रत्येकाच्या नावाआधी काय लावायचं तेही लिहिलेलं. पणजोबा कै., पणजी कै., आमची आई कै., मोठे काका कै. आणि त्यांच्या खाली बाबांचं नाव. त्याच्याआधी काहीच नव्हतं. श्री. नाही, काही नाही. नुसती जागा सोडलेली. मी ती यादी पाहिली आणि फोन पालथा ठेवला.

शेवटी मी म्हटलं, निदान नमुना तर काढून पाहू, नवा एडिटर आपलं ऐकतो का ते तरी कळेल. फाइलमध्ये ओळी लिहीत गेले. आधी मान, म्हणजे श्री., सौ. की कै. ते, मग टॅब, मग नाव. बाबांच्या ओळीवर आले. दादाने सोडलेली जागा मीही रिकामीच सोडायची ठरवली, माझाही हात धजेना. टॅब दाबून पुढे गेले, नाव लिहिलं. तेव्हाच मशीनचा आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणून उठून पाहून आले. नळी जरा मुडपली होती. परत बसले, स्क्रिप्ट चालवली. पत्रिका भरली. एकही लाल रेघ नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी न वाचताच प्रिंट काढला.

"आण इकडं," बाबा म्हणाले. "नातीचं कार्ड आहे, मले पाहू दे."

त्यांना चष्मा दिला, पाठीशी उशी लावली. ते बोट ठेवून वाचत होते आणि मी नव्या एडिटरला कसं वठणीवर आणलं त्याच्या बढाया मारत होते. त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"हे काय लिहून ठेवलं वं?"

"काय?"

"माह्या नावाच्या आधी कै. आहे."

मी कागद ओढून घेतला. होतं. ठळक, सोनेरी, दोन्ही बाजूंना नक्षी. त्या रिकाम्या जागेत त्या मेल्या एडिटरने वरच्या ओळी पाहून पुढच्या टॅबसकट आपला फिका अंदाज मांडला असणार, आणि त्याच्याकडे टॅब म्हणजे होकार. मी पुढे जायला टॅब दाबली, त्याने ती संमती समजली. शुभ बोल नाऱ्या म्हटलं तर म्हणे मांडवाला आग लागली.

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं झटका आला. मी "बाबा, बाबा" करत त्यांची पाठ धरली, मशीनचं बटण शोधायला लागले. आणि मग दिसलं की ते हसत होते. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू. मी मात्र रडत होते, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

"अवं, रडते काहून?" दम लागला होता तरी ते बोललेच. "मेल्याची खोटी खबर उठली का माणसाचं आयुष्य वाढते. तू त छापूनच देली."

"माझ्याकडून चुकून झालं, बाबा. खरंच."

"हव, समजलं." त्यांनी चष्मा काढला. मग ते म्हणाले, "छपाई काहून अडली ते मले मालूम आहे. दादाले म्हण, श्री. अन् कै., दोन्ही छापून ठेव. जे लागन ते वाटजा."

"काहीतरी काय बोलता!" मी जवळजवळ ओरडले. मला त्यांचा रागच आला. आयुष्यभर पार्सलांवर चिठ्ठ्या लावल्या, म्हणून स्वतःवरही लावायची?

संध्याकाळी दादा ऑफिसातून आला. तो कागद मी लपवायच्या आत बाबांनी उशीखालून काढून त्याच्या हातात दिला. "पाय, तुह्या बहिणीनं मले मारलं."

दादाने वाचलं. हसला नाही. पलंगाच्या कडेवर बसला आणि कागद गुडघ्यावर ठेवला. मी एडिटरचं, टॅबचं, फिक्या अक्षरांचं सगळं भराभर सांगायला लागले, तर त्याने हातानेच थांबवलं.

"जागा म्याच सोडली होती," तो म्हणाला. "श्री. लिहावं अन् मग बदलावं लागलं त? या भीतीनं हात चालला नाही."

बाबा डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते.

दादा उठला आणि माझ्या खुर्चीत बसला. मी फाइल उघडून दिली आणि बाबांच्या ओळीतलं ते कै. पुसलं. त्याने कर्सर त्या जागेवर ठेवला मात्र, तिथे पुन्हा तेच उमटलं, फिकं, राखाडी. दादाचं बोट हवेतच राहिलं. टॅबला धक्का लागू नये म्हणून मी तिच्यावर माझी तर्जनी आडवी धरली होती.

"लिही ना," मागून बाबा म्हणाले. "काहून थांबला?"

दादा एका बोटाने टाइप करतो. त्याने कीबोर्डवर श शोधला, मग उरलेलं शोधलं. श्री. झालं आणि फिकं अक्षर निघून गेलं. त्याने ते नीट पाहिलं, मागे वळून बाबांना पाहिलं.

"छपाईला कधी पाठवते?" त्याने मला विचारलं.

"उद्या," मी म्हटलं.

"आजच पाठव," तो म्हणाला.