तिसऱ्या पानावरच्या खुणा

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघांनी ओसरीवर बसून अक्षरं वाचली. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. ती तिच्या वहीतून वाचायची, मी छापलेल्या कागदावर बोट ठेवून बघायचो आणि ओळ जुळली की पेन्सिलीनं खूण करायचो. ए, टी, जी, सी. इंग्रजीची ही चारच अक्षरं मला येतात. सातवी नापास माणसाला ती बायकोनं शिकवली, तेही पन्नाशीला टेकल्यावर.

चार पानं होती. तिसऱ्या पानावर मी कंटाळलो. आदल्या दिवशी सगळा दिवस रानात उभा होतो, डोळे मिटत होते. ती वाचत गेली आणि मी न बघता खुणा करत गेलो.

"बराबर?" तिनं विचारलं.

"बराबर."

"नीट बघितलं ना अहो? एक अक्षर चुकलं तरी सगळं वाया."

"बघितलं म्हणलं ना. तुझी मास्तरकी कॉलेजात कर."

ती हसली. चौथं पान मी नीट बघितलं. तिसऱ्याचं मात्र खोटं सांगितलं.

ते कागद कशाचे होते ते सांगतो, न्हाईतर माझी लबाडी केवढी ते कळणार न्हाई.

एक्क्याऐंशी साली आमचं लग्न झालं तेव्हा ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. सासऱ्यांची एकच अट होती, पोरीला शिकू द्यायचं. मी म्हणलं शिकू द्या, माझं काय जातंय. बदनापूरहून रेल्वेनं जालन्याला जायची. पुढं औरंगाबादला एम.एस्सी. झाली, जालन्याच्या कॉलेजात गणित शिकवायला लागली. मूलबाळ झालं न्हाई. माझी आई त्याचा दोष रेल्वेला द्यायची.

मंग कॉलेजात कॉम्प्युटर आले. एवढे महाग डबे, हात लावायला सगळे सर भ्यायचे. ही शिकली आणि दुसऱ्यांना शिकवायला लागली. कॉम्प्युटरची बाई म्हणून तिला सगळे ओळखायचे. गावात मला "बाईंचा शिपाई" म्हणायचे. म्हणू द्या.

मंग एक दिवस विद्यापीठातून आली आणि पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. कुणीतरी परदेशात नळीतल्या थेंबभर पाण्यात गणित सोडवलं होतं, डीएनएवर. मी बैलाला पेंड चारत होतो.

"चार अक्षरं आहेत," ती म्हणाली. "एला टी चिकटतो, जीला सी. या अक्षरांच्या माळा पाण्यात सोडल्या की जी ती आपला जोडीदार शोधते. कोण कुणाला चिकटलं, ते गणिताचं उत्तर."

"मंग तुला काय काम राह्यलं?"

"भलत्याच माळा एकमेकींना चिकटू नयेत अशी अक्षरं निवडायची."

"म्हंजे आपला बियाण्याचा प्लॉट. दुसऱ्याच्या कपाशीचे पराग येऊ नयेत म्हणून मी लांब लावतो, तसं."

"अगदी तसंच!"

दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं तेच सांगितलं म्हणे.

पीएच.डी.साठी तिचा विषय दोनदा नाकारला. कॉम्प्युटरवाले म्हणायचे हे जीवशास्त्र, जीवशास्त्रवाले म्हणायचे हे कॉम्प्युटर. मी डबा घेऊन बाहेर बाकावर बसायचो. एका सरांनी विचारलं, "बाईंच्या गाडीवर ड्रायव्हर का तुम्ही?"

"गाडी न्हाई साहेब. नवरा हाय."

तिसऱ्यांदा मंजूर झालं, पदवीही मिळाली. पण सगळं कागदावरचं. "मॅडम, तुमचं कॉम्प्युटर नळीत कधी उतरणार?" असं तिच्या बरोबरीचे सर चहा पिताना विचारायचे. ती घरी येऊन मला सांगायची आणि भाकरी जरा जोरात थापायची. प्रयोगशाळांना पत्रं लिहीत राह्यली. कितीतरी वर्षांनी हैदराबादहून एका प्रयोगशाळेचं उत्तर आलं. यादी सोमवारपर्यंत पाठवा, माळा बनवून एकदा प्रयोग करून देऊ. एकदाच. परत जमणार न्हाई.

तीच ही यादी. शेवटचे बदल तिनं घरी वहीत केले होते, कॉलेजात तिच्या एका विद्यार्थिनीनं ते टाइप केले होते. ती पोरगी आता तिथंच शिकवत होती. सोमवारी यादी तीच पाठवणार होती.

रविवारी वाचून झाल्यावर बायकोनं कागद वहीत ठेवले, भात टाकला. छातीत दाटून आलंय म्हणाली. मी जीप बोलावली. जालना यायच्या आतच ती गेली. दिवस मावळायच्या आत मी तिला अग्नी दिला.

घर माणसांनी भरलं होतं. खरं म्हणजे मला तिचं तोंड आठवायला पाहिजे होतं. मला तिसरं पान दिसत होतं.

सकाळी मी अंघोळ केली, वही घेतली. धाकटा भाऊ दारात आडवा आला.

"दादा, सुतकात कुठं निघालास? लोकं बसायला येऊन राह्यलेत."

"बसू दे. शेजारून चहा सांग त्यांना."

"लोकं काय म्हणतील?"

"तुला काय म्हणायचं ते तू म्हणून घे. माझी गाडी चुकंल."

जालन्याला उतरून चालत कॉलेज गाठलं. ती पोरगी मला बघून रडायला लागली.

"मागनं रड," मी म्हणलं. "आधी ही वही धर. तिसरं पान मी बघितलं न्हाई. खुणा खोट्या हायेत. तुझ्या मॅडमला मी खोटं सांगितलं."

तिनं डोळे पुसून खुर्ची ओढली. ती वहीतून वाचायला लागली, मी कागदावर बोट ठेवलं. सतराव्या ओळीत वहीत जी होता, कागदावर सी.

"थांब," मी म्हणलं.

तिनं वहीतलं अक्षर दोनदा बघितलं. "काका, माझीच चूक. मी टाइप करताना..."

"चूक तुझी. लबाडी माझी. दुरुस्त कर."

बाकीचं पान जुळलं. तिनं नवं पान छापून काढलं आणि पाकिटात घालायला लागली. मी ते पान तिच्या हातातून घेतलं.

"काका, आता बरोबर आहे."

"असंल. पहिल्या ओळीपासून वाच."

ती वाचायला लागली. मी एकेका अक्षरावर बोट ठेवत खालपर्यंत गेलो.