गुन्नारची दाढी

सिंगापूरच्या विमानतळावर मला पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर गालिचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! चप्पल काढून हातात घ्यावी की काय, असं क्षणभर वाटलंच. धाकटा भाऊ सुधीर घ्यायला आला होता. तो जहाजांवरचा इंजिनिअर. एखादी बोट दुरुस्तीला लागली की दिवसच्या दिवस बंदरात असतो. "ताई, इथं रस्त्यावर काही टाकायचं नाही हं," हे त्याचं स्वागताचं वाक्य.

"मी अमरावतीत तरी कुठं टाकते रे?" मी म्हटलं, आणि टॅक्सीत बसले.

सुधीरचा फ्लॅट तोआ पायोहला. ही जुनी सरकारी वसाहत. उंच इमारती, खिडक्यांबाहेर बांबूंवर वाळत घातलेले कपडे, आणि खाली हॉकर सेंटर (एका छपराखाली खाण्याच्या गाड्या). अमरावतीचा उन्हाळा पचवलेली बाई मी, मार्च महिन्याला घाबरणारी नाही. पण इथला उकाडा कोरडा नाही, ओला. अंघोळ करून बाहेर आलं की परत अंघोळ करावीशी वाटते. भावजय नीलिमा म्हणाली, "सवय होईल, ताई." तोपर्यंत माझा व्हिसा संपणार, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

नीलिमा नोव्हेनाच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. एकदा ती डबा विसरून गेली. नोव्हेना एमआरटीनं (तिथली मेट्रो) एकच स्टेशन, म्हणून मी डबा घेऊन निघाले आणि रुबाबात उलट्या दिशेच्या गाडीत बसले. शेजारच्या चिनी आजोबांनी हातवारे करून मला पुढच्या स्टेशनवर उतरवलं. "नेव्हर माइंड लाह," ते म्हणाले. (तिथं वाक्याला शेपटी म्हणून 'लाह' लावतात.) डबा गार झाला, पण पोचला.

क्लिनिकच्या बाकावर एक धिप्पाड गोरा माणूस उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसला होता. अर्धी चड्डी, आणि छातीपर्यंत पोचू पाहणारी पिंगट दाढी. मी जन्मभर मुलींच्या शाळेत खेळ शिकवले. तोंडावर विचारण्याची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

"माफ करा, पण या उकाड्यात एवढी दाढी कशाला?"

तो रागावला नाही. तो स्वीडनचा, नाव गुन्नार, बर्फावरच्या हॉकीचा व्यावसायिक खेळाडू. तिकडे त्याच्या संघाचे बादफेरीचे सामने चालू होते. संघ हरेपर्यंत किंवा करंडक जिंकेपर्यंत खेळाडूंनी दाढी करायची नाही, अशी त्यांची रीत.

"पण तुम्ही तर इथं आहात."

"दाढी इथंही वाढते," तो म्हणाला.

"आमच्याकडे याला नवस म्हणतात. फक्त आम्ही देवाला आधी सांगून ठेवतो."

"मग देव ऐकतो?"

"कधीकधी. हॉकीत फारसा नाही."

हे मी अनुभवानं बोलले. कॉलेजात मीही हॉकी खेळले, आपली मैदानावरची, लेफ्ट हाफला. हे सांगितल्यावर गुन्नार बाकावर नीट वळून बसला आणि त्यानं आपली सगळी हकिकत सांगितली. उत्तरेकडचं छोटं गाव. हिवाळ्यात वडील अंगणात पाणी सोडायचे. सकाळपर्यंत त्याचा बर्फ व्हायचा आणि शाळेआधी पोरगं त्यावर घसरत असायचं. मिसरूड फुटायच्या आत शहरातल्या क्लबनं उचलला. मग बचावफळीत कितीतरी मोसम. मध्ये एकदा कॅनडातून बोलावणं आलं. तिथं महिनाभर ठेवून घेतलं आणि परत पाठवलं. "मी हळू आहे म्हणाले," त्यानं सांगितलं, आणि ते अजून त्याला पटलेलं दिसत नव्हतं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर गुडघा फिरला. शस्त्रक्रिया झाली. बायकोची नोकरी सिंगापूरला, घर बुओना व्हिस्टाला, म्हणून व्यायामासाठी तो इथं आला होता. प्रशिक्षकानं निरोप दिला होता: पुढचा एक मोसम तुझी जागा ठेवतो, पण हा मोसम संपायच्या आत हो की नाही ते सांग.

"आणि नाही जमलं तर?"

"मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात नीलिमा बाहेर आली. "अहो ताई, पेशंटशी काय गप्पा मारताय?" मी डबा तिच्या हातात दिला.

पण शनिवारी गुन्नार तिथल्या स्केटिंगच्या रिंकवर सराव करणार होता आणि त्यानं मला बोलावलं होतं. सुधीरची मुलगी मुक्ता एका पायावर तयार झाली. बाहेर घामाच्या धारा, आत गेलं की दातावर दात! मी सलवार-कमीजवर सुधीरचं बोटीवरचं जाकीट चढवलं. बर्फ म्हणजे कसला, वरून पाणी सुटलेलं. पोरांचे वाढदिवस चाललेले, कर्ण्यातून चिनी गाणी. त्या गर्दीत गुन्नार हातात काठी घेऊन फिरत होता. त्याच्या पुढ्यात चेंडू नव्हता. रबराची काळी चपटी चकती होती, तिला पक म्हणतात.

त्यानं काठी माझ्या हातात दिली. काठी हातात आली आणि मी वय विसरले. भाड्याच्या बुटांवर दोन पावलं टाकून असा काही फटका मारला, की पक जागेवर राहिली आणि मी सपशेल आडवी झाले.

"आत्या, सो शेम लाह!" मुक्ता ओरडली. गुन्नार हसून हसून कठड्याला टेकला.

मग मी बाहेर बाकावर बसून नुसती बघत राहिले. माणूस सुरेख खेळत होता, यात शंका नाही. एवढा थोराड देह, पण बर्फावर वजन म्हणून नव्हतं. उलटा जायचा, थांबायचा, पुन्हा सुटायचा. पण मुलींना शिकवताना लागलेली नजर, ती गप्प बसत नाही.

सराव संपवून तो घाम पुसत शेजारी येऊन बसला. "कसं वाटलं? खरं सांगा."

खरं सांगा म्हणाला म्हणून सांगितलं. "तुम्ही डावीकडे एकदाही वळला नाहीत."

तो दाढी कुरवाळत राहिला. "डॉक्टर म्हणतात, गुडघा बरा आहे."

"असेल. पण तुमचा त्याच्यावर भरवसा नाही."

"समोरच्या संघाला हे पहिल्या मध्यंतरापर्यंत कळेल," तो म्हणाला. माझ्याशी नव्हे, बुटांशी. मग नाड्या सोडायला वाकला.

बसमध्ये मुक्ता फुगून बसली होती. "आत्या, व्हाय यू टेल हिम?" त्यानं विचारलं म्हणून, मी म्हटलं. मी बोलले ते चूक नव्हतं. तरी वाईट वाटलं, ते वाटलंच.

पुढचे दिवस सुधीरनं मला बाग दाखवली, पक्षी दाखवले, बंदरात उभ्या बोटींची रांग दाखवली. सगळं स्वच्छ, सगळं वेळेवर. मी आपली संध्याकाळी नीलिमाला विचारायची, "काय गं, जिंकले का?" ती हसायची. "जिंकले म्हणे, ताई. फायनलला पोचले." मला उगाच बरं वाटायचं. नवस माझा नव्हता, पण मध्येच सोडवत नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी मी खाली हॉकर सेंटरमध्ये काया टोस्ट (काया म्हणजे नारळाचं दूध आणि अंडी घालून केलेला गोड लेप) आणि कोपी (तिथली दाट कॉफी) घेऊन बसले होते. समोर एक उंच माणूस येऊन उभा राहिला. मी ओळखलंच नाही. गालांचा वरचा भाग उन्हानं लाल, खालचा पांढराफटक. गुन्नार! नीलिमानं त्याला पत्ता सांगितला होता.

"अरे देवा! हरले?"

"नाही. शेवटचा सामना आज आहे."

"मग दाढी?"

तो खुर्ची ओढून बसला. "काल प्रशिक्षकाला फोन केला. नाही म्हणून सांगितलं. दाढी खेळणाऱ्यांनी ठेवायची असते."

मी टोस्टची बशी त्याच्याकडे सरकवली. त्यानं एक उचलला.

"मी बोलले म्हणून?"

"तुम्ही बोलायच्या आधीही मी डावीकडे वळत नव्हतोच."

"बायको काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझी हनुवटी मी विसरले होते." हे सांगताना तो हसला, पण डोळे भरले होते. मग खिशातून पक काढून त्यानं माझ्यापुढे ठेवली, हात मिळवला आणि स्टेशनकडे गेला. चालताना लंगडत नव्हता.

मुंबईला कस्टमवाल्यानं ती चकती उलटसुलट करून पाहिली. "हे काय, बाई?"

"हॉकीचा चेंडू."

"चपटा?"

"तिकडे चपटाच असतो." त्यानं मला जाऊ दिलं.

आठवड्यानं नीलिमाचा फोन आला, तेव्हा कळलं की गुन्नारचा संघ फायनल हरला. म्हणजे बाकीच्यांनीही दाढ्या केल्या असणार. पक आता माझ्या टेबलावर असते, पंख्याखाली वर्तमानपत्र उडू नये म्हणून.

ती दिसली की मला माझा शेवटचा सामना आठवतो. नागपूरच्या मुलींशी होता. सामन्यानंतर आम्ही उसाचा रस प्यायलो आणि पुढच्या सामन्याचं बोलत घरी आलो. घरी माझं लग्न ठरलं होतं. तो सामना शेवटचा आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नाहीतर मी थोडी जास्त धावले असते.