चुन्याच्या भट्टीचं समीकरण

स्वातंत्र्याआधी मी पारनेर तालुक्यात विज्ञान शिकवायचो. एकदा चुनखडी भाजल्याचं समीकरण फळ्यावर लिहून म्हणालो, "दोन्ही बाजूंचं वजन सारखं भरलं पाहिजे."

चुनाभट्टीवाल्याची मुलगी उठली. "पर गुरुजी, भट्टीतनं चुना लई हलका निघतो. बाकीचं कुठं जातं?"

"वायू होऊन बाहेर पडतं. तो हवेपेक्षा जड, खालीच साचतो. त्यात माणूस गुदमरतोसुद्धा."

ती बसलीच नाही. "माझा बा थंडीत भट्टीच्या कडंला झोपला, त्यो उठलाच न्हाई. समदे म्हनले, भुतानं धरलं."

इतकी वर्षं मी ते समीकरण नुसतं पाठ करून घेत होतो. शाळा सुटताच तिच्याबरोबर भट्टीवर गेलो आणि तिथल्या मजुरांची अंथरुणं लांब हलवायला लावली.