मफीकाका आणि बोटीवरचा टीव्ही

मफीकाका कुठल्याही गच्चीवर चढले, तिथल्या डिशकडे एकदा पाहिलं, की पहिला शब्द काढत तो ‘मफी’. मफी म्हणजे नाही, मिळणार नाही. बहारीनमध्ये उतरलेल्या माणसाला हा अरबी शब्द पहिल्या आठवड्यातच येतो, कारण तो बऱ्याच ठिकाणी ऐकावा लागतो. इतर टेक्निशियन आधी ‘होऊन जाईल’ म्हणत आणि मग तीन खेपा घालत. काका आधी ‘मफी’ म्हणत आणि अर्ध्या तासात चित्र आणून देत. जिथे चित्र खरोखरच येणार नसे तिथेही ते तोच शब्द वापरत, फक्त तेव्हा शिडी दुमडायला घेत. गिऱ्हाइकाने फरक ओळखायचा तो शिडीवरून.

बहारीनच्या तुबली भागात आमचं डिश बसवण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. आमचं म्हणजे मालकाचं. मी तिथे तक्रारींचे फोन घ्यायची. काकांचं खरं नाव कदम. महाडजवळच्या गावचे, आयटीआय केलेले, बावीस वर्षं बहारीनमध्ये. बायको गावी, स्वतः सनाबिसला एका खोलीत चौघांमध्ये. फोन उचलला की ‘जय भीम’ म्हणत आणि मग गप्प राहत. पुढचं सगळं समोरच्याने बोलायचं. वयाने माझ्या वडिलांच्या जवळपास असूनही मला ताई म्हणत.

गच्चीवरून ते आसपासच्या घरांच्या डिश बघत आणि कोण कुठे राहतं ते सांगत. “ही फिलिपिनो. तो केरळवाला. हा आपला, पण डिश पडलीय, म्हणजे सुट्टीवर गेलाय.” एकदा माझ्यासमोर पाचही घरं बरोबर निघाली. मी कौतुक केलं, तर म्हणाले, “त्यात काय ताई, प्रत्येकाची डिश आपापल्या सॅटेलाइटकडं बघत असते. मी फक्त वाचतो.”

एका इंग्रज गृहस्थाचा फोन आला तो मीच घेतला. बंदराच्या कामावर दोन वर्षांच्या करारावर आले होते आणि मरिनात, म्हणजे खासगी बोटींच्या धक्क्यावर, स्वतःच्या बोटीवर बायकोबरोबर राहत होते. त्याआधीची सहा वर्षं दोघं याच बोटीवर भूमध्य समुद्रात होती. तिथे बोटीवर डिश लावून ब्रिटिश चॅनल बघायचे. बोट जशी पूर्वेकडे सरकली तसे चॅनल एकेक करून गेले, आणि बहारीनला बोट आल्यावर तर काहीच दिसेना. बायकोसाठी त्यांना ते परत हवे होते.

काका जाऊन आले आणि शिडी दुमडूनच आले. त्यांनी मला समजावलं, “ब्रिटनचा सॅटेलाइट ब्रिटनवरच टॉर्च मारतो, ताई. थोडा उजेड स्पेनपर्यंत सांडतो, तिथं मोठी डिश लावून पकडता येतो. इथं अंधार आहे. अंधारात कितीही मोठी डिश लावली तरी अंधारच मोठा दिसणार.”

दुकानाच्या मॅनेजरला हे पटलं नाही. आमच्याकडे बोटीवर बसवायचा एक महागडा घुमट बरेच दिवस पडून होता. बोट हलली तरी आतली डिश आपोआप सॅटेलाइटकडे वळते, अशी त्याची रचना. मॅनेजरने त्या इंग्रज साहेबांना फोन लावून स्पीकरवर सांगितलं की या घुमटावर सगळे ब्रिटिश चॅनल येतील. मी शेजारी होते, काका दारात होते. काका पुढे आले आणि फोनवर वाकून म्हणाले, “सर, दिस डोम गुड. बट यूके चॅनल मफी. डोंट बाय.”

फोन ठेवल्यावर मॅनेजर हिंदीत म्हणाला, “दोन महिन्यांनी तुझा व्हिसा रिन्यू करायचाय, लक्षात आहे ना?”

“आहे,” काका म्हणाले. “व्हिसा तुमच्या हातात आहे. सॅटेलाइट नाही.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांना गोदामात बसवलं. काम काय, तर जुन्या केबल सोडवून लांबीप्रमाणे गुंडाळायच्या. ते त्यांनी महिनाभर केलं, तेही असं की गोदाम पहिल्यांदाच बघण्यासारखं झालं. घरी धाकट्या मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. व्हिसा गेला तर तिचं शिक्षण अडणार, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला त्यांच्या खोलीतल्या एकाकडून कळलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “इंशाल्ला. बघू.” आणि केबलची पुढची गुंडाळी घेतली.

मग साहेबांचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या एका दुकानाने त्यांना मोठी डिश लावून दिली होती आणि तिच्यावर काही येत नव्हतं. साहेब म्हणाले, “मला तो नाही म्हणणारा माणूस पाठवा.” मॅनेजरने काकांना गोदामातून बाहेर काढलं.

या वेळी काकांनी बोटीवरून मला फोन लावला आणि दुभाषी म्हणून मधे ठेवलं, कारण त्यांना नीट विचारायचं होतं. “ताई, साहेबांना विचारा, मॅडमना नक्की काय बघायचंय?”

 साहेबांनी सांगितलं की बायकोला आता फारसं आठवत नाही. गेल्या वर्षापासून वाढलंय. कुठला कार्यक्रम, कुठला चॅनल, काही नाही. पण रोज संध्याकाळी सहा वाजले की ती अस्वस्थ होते आणि म्हणते, त्या माणसांना लाव. घरात बसून बोलणारी माणसं तिला समोर लागतात. बातम्या लावल्या की घाबरते.

मी हे मराठीत सांगितलं. काका म्हणाले, “माणसंच हवी असतील तर आपल्याकडं पुष्कळ आहेत.”

त्याच आठवड्यात त्यांनी मरिनाची परवानगी काढून धक्क्यावरच्या खांबाला डिश लावली. बोटीवर नाही, कारण बोट बांधलेली असली तरी हलते आणि साधी डिश ते सहन करत नाही. केबल बोटीत नेली, खाऱ्या हवेने जोड खराब होऊ नयेत म्हणून टेपचे चार थर दिले आणि सहा वाजता एक मराठी मालिका लावली. त्या भागात चौदा माणसं एका दिवाणखान्यात बसून बोलत होती. मॅडम खुर्चीत टेकल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

त्यानंतर काका दर शुक्रवारी तिकडे जाऊ लागले. डिश तपासायला, असं म्हणत. डिशला काही होत नव्हतं. साहेबांना कथा कळावी म्हणून ते बाजूला स्टुलावर बसून सांगत, “दिस मदर-इन-लॉ. नॉट गुड. दिस सन. नो स्पीकिंग.” साहेब मान डोलवत. एकदा त्यांनी मला फोन करून विचारलं, की मुलाने बायकोची बाजू अजून का घेतली नाही. मी म्हटलं, आणखी दोनशे भाग तरी घेणार नाही.

साहेबांनी बंदरावरच्या ओळखीच्या लोकांना आमचं दुकान सांगितलं. फोन यायला लागले, आणि प्रत्येकाला खोटं न बोलणारा टेक्निशियन हवा होता. असा आमच्याकडे एकच होता. मॅनेजरने व्हिसा रिन्यू केला. 

काका गेल्या वर्षी महाडला परत गेले. मुलगी आता तिथल्याच दवाखान्यात नर्स आहे. फोन केला की ‘जय भीम’ म्हणून अजून तसेच गप्प राहतात.

मला मात्र साहेबांचा करार संपला तो दिवस आठवतो. मॅडमना आता इंग्लंडमध्ये मुलीजवळ ठेवायचं ठरलं होतं, बोट विकली होती. काकांना धक्क्यावरची डिश उतरवायची होती आणि साहेबांनी मलाही बोलावलं होतं. मी त्या बोटीवर पहिल्यांदाच गेले. सनद भागातलं एक काम करून आम्ही तसेच पोचलो होतो, दुपारचे तीन वाजले होते.

मॅडम डेकवर बसल्या होत्या. साहेबांनी त्यांना आमची नावं सांगितली. त्यांनी नवऱ्याकडेही अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग काकांकडे वळल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “जेवलात का?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला. मालिकेतल्या चौदा माणसांपैकी कोणी ना कोणी रोज एकदा तरी हे विचारायचंच. माझी मुलगी घरात मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देते, बारा वर्षं झाली.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. “हो,” ते म्हणाले. “आत्ताच जेवलो. पोटभर.”

मॅडमचं समाधान झालं. त्या पुन्हा पाण्याकडे बघू लागल्या.

डिश उतरवून आम्ही गाडीत येऊन बसलो. काकांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. मागच्या सीटवरून डबा घेतला, मांडीवर उघडला. चपाती आणि सुकट होती. सगळी गाडी वासाने भरली.

“दोन मिनिटं, ताई,” ते म्हणाले. “मॅडमना सांगून आलोय.”