रुळाकाठचा नेम

ज्या घरातली माणसे रोज काही क्षण मौन पाळतात, त्या घरावर संस्कारांची सावली असते. नांदुऱ्याच्या आमच्या घरात हे मौन दिवसातून आठ-दहा वेळा पाळले जाई. घर रुळांपासून पन्नास पावलांवर होते. गाडी आली की आधी जमीन थरथरे, मग भिंती. मग असा आवाज येई की बोलणाऱ्याचे नुसते ओठ हलताना दिसत. म्हणून वाक्य असेल तिथे सोडून प्रत्येकाने आपापली वस्तू धरायची. आईने मडक्यांची उतरंड, वडिलांनी देवांच्या तसबिरी, बहिणीने फडताळातली भांडी, आणि मी सुटीत घरी असलो तर कंदिलाची काच. गाडी गेली की वाक्य पुढे चालू.

बहिणीचे लग्न मात्र या गाड्यांनीच अडवले होते. पहिल्या पाहुण्यांच्या पुढ्यात उतरंडीवरचे गाडगे येऊन फुटले. दुसरे म्हणाले, "ज्या घराची भितच थरथरते, तिथली पोरगी काय संसार धरन?" तिसऱ्या खेपेला वडिलांनी पॅसेंजर आणि मेल यांच्या मधली वेळ धरली. मालगाडीला वेळ नसते, लहर असते, हे ते विसरले.

पाहुणे मोताळ्याहून बैलांच्या दमणीत बसून आले. मुलाचे वडील पाटील. साहेबाच्या दरबारात त्यांना एकदा खुर्ची मिळाली होती. तेव्हापासून ते सतरंजीवरही खुर्चीत बसल्यासारखे बसत. सोबत त्यांचा साळा होता.

"सैपाक येते का माय तुले?" पाटलांनी विचारले.

"येते. पुरन येते, मांडे..." म्हणून बहीण उठली आणि फडताळाला दोन्ही हात लावून उभी राहिली. आई उतरंडीशी गेली. वडिलांनी तसबिरींवर तळवे टेकले आणि मान खाली घातली. मी काच धरली. एकाएकी घरात कोणी बोलेना. पाटीलही उठले आणि त्यांनी हात जोडले.

गाडी गेली. बहीण पाटावर बसून म्हणाली, "...बी येतात."

"दाजी, हे काय होतं?" साळा कुजबुजला.

"गप राय बे. देवाचं हाये." मग वडिलांकडे वळून पाटील म्हणाले, "रोजचं हाये हे?"

वडिलांना खोटे बोलता येत नसे. त्या दिवशी गरजही पडली नाही.

"रोजचं. माह्या बापाच्या वक्तापासून."

"घरातले समदेच करता?"

"समद्यायले करा लागते. एकानं हात सोडला तं घराचं नुकसान हाये."

पाटलांनी उपरण्याने डोळे टिपले. "गाडीच्या वक्तावर नेम बांधला, बेस केलं. आमच्या घरी इलायती घड्याळ हाये, पन नेम नाही. पोरगी पसंत हाये आमाले."

लग्न त्याच वैशाखात झाले. पाटील पुढे अनेक वर्षे त्या घटकेविषयी चारचौघांत भरल्या आवाजात सांगत. त्या वेळी गेली ती खामगावला कापूस भरायला निघालेली रिकामी मालगाडी होती.