सरपंचांचा राजीनामा

आठवीत शाळा सोडून उत्तर प्रदेशातून भिवंडीत यंत्रमागावर कामाला आलो, नंतर मराठी शिकून इथल्याच एका मराठी साप्ताहिकात बातमीदार झालो. एकदा जवळच्या गावच्या सरपंचांचा शेजाऱ्याशी बांधावरचा वाद मिटला. आमच्या गावाकडे अशा समझोत्याला राजीनामा म्हणतात. मी छापलं, ‘सरपंचांचा राजीनामा.’

अंक निघाला त्या सकाळीच सरपंच तो घेऊन कचेरीत आले.

“मी खुर्ची सोडली आन् मलाच म्हाईत न्हाय?”

नोकरी गेली असं धरून मी उभा राहिलो.

संपादक म्हणाले, “परप्रांतीय आहेत, भाषा चुकली.”

“परप्रांतीय कसला? माझ्याच चाळीत भाड्यानं ऱ्हातो. खुलासा छाप रे, आन् फोटू मोठा टाक!”

नोकरी राहिली. गुपचूप खुलासा लिहायला बसलो आणि प्रत्येक शब्द संपादकांना विचारून लिहिला.